पालकांच्या विनंतीवरून

"हे मी कधी म्हटलं ओ, बाई?"

राजम्मा गुंडेटी पहिल्या बाकावर अवघडून बसली होती. मे महिना, दुपारचे साडेबारा, आणि सुट्टीत वरच्या मजल्याची वीज बंद ठेवायची पद्धत असल्यामुळे नववी 'ब'च्या वर्गात पंखा नव्हता. ती विड्यांचं काम तसंच टाकून आली होती, पदराला तंबाखूचा वास येत होता. मी तिच्या नावानं लिहिलेल्या अर्जातली दोनच वाक्यं तिला वाचून दाखवली होती.

"म्हणायचं नसतं. लिहायचं असतं," मी म्हटलं. "तशी पद्धत आहे."

"बरं. पोरगी नापास झाली का?"

"नाही."

"म्हणजे पास झाली."

"हो. पण काठावर."

"काठावरची पण पासच की ओ. काठावर उभा हाय म्हणजे माणूस पाण्यात पडला नाही, असंच ना?" ती हसली. मीही हसले. मग तिनं हसणं थांबवून विचारलं, "मग शाळा का सोडायची?"

मी तिला सतरा नंबरचा फॉर्म समजावून सांगितला. शाळेतून नाव काढायचं, घरी बसून अभ्यास करायचा आणि हा फॉर्म भरून दहावीची परीक्षा बाहेरून द्यायची. रोज शाळेला यायची दगदग नाही, गणवेशाचा खर्च नाही, मुलगी घरकामालाही मोकळी. हे सगळं मी दोन दिवसांत सहा पालकांना सांगून झालं होतं, त्यामुळे वाक्यं आपोआप एकामागून एक येत होती.

"घरी कोण शिकवणार? मी?" राजम्मानं स्वतःची बोटं माझ्यासमोर धरली. शेंडे पिवळे-तपकिरी पडलेले. "मी विड्याच शिकवणार. ते तर तिला येतंय."

"क्लास लावता येईल."

"शाळा फुकट हाय ती सोडायची, आन् क्लास लावायचा," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. हिशेब जुळतो का, ते ती स्वतःशी बघत होती. मग तिनं कागदावर बोट ठेवलं. "खाली काय लिहिलंय? शेवटाला?"

"'हा अर्ज मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, वाचून व समजून घेऊन करत आहे.'"

"वाचून आन् समजून."

"हो."

"मग असं करते बाई, घेऊन जाते. मला मराठी वाचायला येत नाही, तेलुगूच येते. पोरीला हे दाखवत नाही, दुसऱ्या कुणाकडनं तरी वाचून घेते, समजून घेते, मग उद्या सही करून आणून देते. न समजता समजलं म्हणून कशी सही करू?"

तिनं अर्जाची चार पदरी घडी केली, कमरेला खोचली आणि निघून गेली. आधीच्या सहांपैकी कुणीही कागद घरी नेला नव्हता.

होटगीकर सर वाईट माणूस नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण ही गोष्ट सांगताना मी बरीच वर्षं त्यांना जरा जास्तच वाईट करत आले. ते आमचे मुख्याध्यापक. मुलांना कधी हात लावला नाही, शिपायालासुद्धा अहो-जाहो म्हणायचे. एक मे रोजी झेंडावंदन आणि निकाल झाल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं, चहा मागवला आणि सात नावांची यादी माझ्यापुढे सरकवली.

"बिराजदार बाई, चार वर्षं आपला दहावीचा निकाल शंभर टक्के. सोलापुरात अशा शाळा किती आहेत?"

"थोड्या आहेत, सर."

"पेरायच्या आधी शेतकरी बी पाखडून घेतो की नाही? त्याला आपण निर्दय म्हणतो का?" त्यांनी बशीतून चहाचा घोट घेतला. "आपण कुणाला नापास करत नाही. फक्त दुसरं दार दाखवतो. तुमचं अक्षर चांगलं आहे, अर्ज तुम्हीच लिहून घ्या. मसुदा ऑफिसात आहे, जुनाच."

यादीत सातवं नाव अंबिका गुंडेटीचं होतं.

चौथीपर्यंत तेलुगू शाळेत शिकून ती आमच्याकडे आली होती. गणित आणि इंग्रजी जेमतेम. पण दर शनिवारी शाळा सुटली की ती आमच्या घरी यायची, आमच्या कपाटातलं एक पुस्तक न्यायची आणि पुढच्या शनिवारी वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत आणायची. कव्हर मी सांगितलं नव्हतं. हाताला तंबाखू असते म्हणून, असं तिनं एकदा आपणहून सांगितलं. फेब्रुवारीत ती गणितात बारा गुण घेऊन रडली, तेव्हा मी म्हटलं होतं, "दहावीला तुझ्या वर्गावर मीच आहे. बघू कशी पास होत नाहीस."

"सर, अंबिकाचं एक बघता आलं तर..." मी म्हटलं.

"एकीला ठेवलं तर उरलेल्या सहांना काय सांगायचं, बाई? तो अन्याय होईल." हे ते मनापासून म्हणाले. मग टेबलावरची एक फाइल त्यांनी उगीच सरळ केली. "तुमच्या नोकरीच्या मान्यतेचा प्रस्ताव याच आठवड्यात शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतोय. तीन वर्षं झाली ना तुम्हाला तात्पुरत्या नेमणुकीवर?"

धमकी नव्हती. बोलता बोलता त्यांना ते आठवलं होतं, इतकंच. किंवा तसं मानणं मला सोयीचं होतं.

मी यादी घेतली.

माझे वडील, अप्पा, त्याच शाळेत एकतीस वर्षं क्लार्क होते. मी नोकरीला लागले त्याच्या आदल्या वर्षी ते निवृत्त झाले. माझ्या नोकरीसाठी ते संस्थेच्या अध्यक्षांच्या बंगल्यावर पाच वेळा चालत गेले होते. आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मला तरी माहीत नव्हतं. आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. घर पूर्व भाग या विणकरांच्या वस्तीच्या तोंडाशी. संध्याकाळी ऊन उतरलं की अप्पा कट्ट्यावर पाणी मारायचे, चटई टाकायचे, चष्मा आणि शाईचं पेन घेऊन बसायचे. मग आसपासच्या गल्ल्यांतून बायका यायच्या. कुणाचं विडी कामगारांचं कार्ड, कुणाचं रेशनचं, कुणाला भिवंडीच्या नवऱ्याला पत्र लिहायचं असायचं. अप्पा पैसे घेत नसत. फार आग्रह झाला तर शेंगाचटणी घेत.

राजम्मा वाचून घ्यायला कुठे जाईल, हे मला दुपारीच कळायला हवं होतं. संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकरी थापत असताना बाहेरून तिचा आवाज आला, तेव्हा माझा हात पिठातच थांबला.

"अप्पा, एवढं वाचून दाखवा की ओ. शाळेतनं दिलंय."

कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला.  आमच्या स्वयंपाकघराची खिडकी कट्ट्यावर उघडत असे. मी तिथून बघितलं. अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मला अक्षर त्यांनीच शिकवलं होतं. 'र'चा पाय कसा सोडायचा आणि अक्षरांवर शिरोरेघ कशी ओढायची, हे मला शाळेच्या आधी त्यांनी पाटीवर गिरवायला लावलं होतं.

मग ते वाचू लागले. अप्पांची वाचायची रीत अशी, की तारखेपासून सुरुवात करायची, एक अक्षर गाळायचं नाही आणि आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही.

"'मी खाली सही करणार, राजम्मा नरसय्या गुंडेटी, राहणार सोलापूर, लेखी अर्ज करते की, माझी मुलगी कुमारी अंबिका ही आपल्या शाळेत इयत्ता नववीत शिकत होती. घरगुती अडचणीमुळे तिला यापुढे नियमित शाळेत पाठवणे मला शक्य नाही...'"

"शक्य हाय की," राजम्मा म्हणाली. "कोण म्हटलं शक्य नाही?"

"'तसेच तिचे अभ्यासात लक्ष नसल्याने...'"

"आता हे बघा! रात्रभर दिवा जाळती ओ ती. तिचा बाप होता तेव्हा त्यावरनं भांडण व्हायचं."

अप्पा वाचत राहिले. शेवटचं वाक्य आलं. 'वाचून व समजून घेऊन' वाचताना त्यांचा आवाज किंचित खाली गेला. ते वाक्य त्यांचंच होतं. मसुदा ऑफिसात आहे, जुनाच, असं सर म्हणाले होते. तो अप्पांच्या अक्षरातला होता. मी त्याची नक्कल करताना ते ओळखलं होतं आणि ओळखल्यामुळे मला थोडं हलकं वाटलं होतं. अप्पांनीही केलंच की, असं.

"सही करू का, अप्पा?" राजम्मानं विचारलं.

"घाई काय आहे? राहू द्या दोन दिवस."

"उद्या द्यायचाय म्हणून सांगितलंय."

अप्पांनी कागद चटईवर ठेवला. मग मान न वळवता, नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाले, "शैला, राजम्मा आल्यात. पाणी आण गं."

आमच्याकडे आलेल्या माणसाला पाणी अप्पा स्वतः द्यायचे. तांब्या-भांडं त्यांच्या शेजारीच भरलेलं असायचं. तेव्हाही होतं. मला खिडकीतून ते दिसत होतं.

मी हात धुतले. माठातून पाणी घेतलं. स्वयंपाकघरापासून कट्ट्यापर्यंत बारा-पंधरा पावलं असतील. तेवढ्यात मी ठरवलं होतं की, सांगायचं. सही करू नका, तुमच्या सहीशिवाय तिचं नाव कुणालाही काढता येत नाही, इतकंच. हे खरं होतं. मी ते नंतर शंभरदा म्हणून बघितलं आहे. चार सेकंद लागतात.

"अगोबाई, बाई हितंच राहतात का?" राजम्मा उठून उभी राहिली. "अंबिका म्हणली होती, बाईंच्या घरी पुस्तकं हायत, पण हे घर म्हणून मला माहीत नव्हतं. अप्पा, तुमची लेक?"

"माझी लेक," अप्पा म्हणाले.

"मग काय वाचून घ्यायचंय! बाई, तुम्हीच सांगा. अंबिकाला तुमच्यावर लई भरवसा हाय. घरात सारखं बाई असं म्हणल्या, बाई तसं म्हणल्या. तुम्ही सांगाल तसं. सही करू?"

अप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते पेनाचं टोपण काढून हातात घेऊन बसले होते.

सरांच्या टेबलावरची ती फाइल मला दिसली, असं मी पुढे एकदोघांना सांगितलं आहे. तसं काही दिसलं नाही. काहीच दिसलं नाही. फक्त आता 'नको' म्हटलं तर मग दुपारी का नाही म्हटलं, असं ही बाई विचारेल, एवढंच वाटलं. आणि अप्पांसमोर विचारेल.

"करा," मी म्हटलं.

राजम्मानं अप्पांच्या हातातलं पेन घेतलं आणि कागद मांडीवर ठेवून गोल-गोल तेलुगू अक्षरांत सावकाश सही केली. सही चांगली होती. मग ती पाणी प्यायली, भांडं पालथं घातलं. कागद पुन्हा उद्या कशाला आणून द्यायचा म्हणून माझ्याच हातात दिला आणि म्हणाली, "सुटले बाई. दुपारपास्नं जीव टांगणीला लागला होता."

ती गेल्यावर मी आत गेले. भाकरी तव्यावर करपली होती. ताटं वाढली. अप्पा अर्धी भाकरी खाऊन उठले.

"तुम्ही पण लिहिलेत की," मी म्हटलं. त्यांनी काही विचारलेलं नसताना.

"लिहिलेत," ते म्हणाले. "दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. त्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असं मी दोनशेदा तरी लिहिलं असेल." हात धुऊन ते तिथेच उभे राहिले. "मला कधी कुणी विचारलं नाही, सही करू का म्हणून. एवढंच."

दुसऱ्या दिवशी दाखला तयार झाला. घ्यायला अंबिका आली. ऑफिसातून दाखला घेऊन ती वर आली आणि नववी 'ब'च्या दारात उभी राहिली. मी सातही अर्ज फाइलला लावत होते.

"बाई, तुमचं पुस्तक." वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. "वाचून झालं नाही, पण आणलं."

"राहू दे की तुझ्याकडे. वाचून झाल्यावर दे."

"शनिवारी येऊ का मग?"

"ये की."

ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, आई म्हणते तुम्ही घरी शिकवणार आहात. सतरा नंबरला. म्हणूनच तुम्ही करा म्हणलात, असं आई म्हणते."

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे खरंच आठवत नाही. बहुतेक 'बघू' म्हटलं असेन. तो शब्द मी तेव्हा फार वापरायचे. पुस्तक बाकावर ठेवून ती जिना उतरली. शनिवारी ती आली नाही. मी वाट बघत होते असंही नाही. शनिवारी दुपारीच मी दाराला आतून कडी लावून घेतली होती.

त्याच रविवारी मी राजीनामा लिहिला. एकाच दमात लिहून झाला, कुठे खाडाखोड नाही. अप्पा पहाटे उठून कट्ट्यावर बसायचे. सोमवारी सहाला मी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि म्हटलं, "मला हे जमणार नाही, अप्पा. मी सोडते."

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. मोठ्यानं. तारखेपासून.

"'मी खाली सही करणार, शैलजा वीरभद्र बिराजदार, सहशिक्षिका, लेखी अर्ज करते की, घरगुती अडचणीमुळे मला यापुढे सेवेत राहणे शक्य नाही. तरी माझा राजीनामा मंजूर व्हावा, ही विनंती. हा राजीनामा मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय...'"

ते थांबले.  लिहिताना माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. हाताला तोच मसुदा पाठ झाला होता.

"घरगुती अडचण कोणती?" अप्पांनी विचारलं.

"काहीतरी लिहावं लागतं ना. खरं कारण लिहिलं तर शाळेची बदनामी. अनुभवाचा दाखला देणार नाहीत."

"बरोबर आहे." त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट केला. "शैला, दाखला निघाला तरी आठ-दहा दिवसांत रद्द करून घेता येतो. जनरल रजिस्टरवर लाल शाईनं शेरा मारायचा. मी दोनदा मारलाय. पालकानं फक्त दाखला परत आणून द्यायचा आणि मला शाळा सोडवायची नाही म्हणून लिहून द्यायचं. राजम्माचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. माहिती आहे तुला?"

"माहिती आहे."

"मग?"

समोरच्या घरात कुणीतरी माग सुरू केला. त्याचा खडखडाट सुरू झाल्यावर बोलायची गरज उरली नाही, आणि मला बरं वाटलं. नोकरी सोडायची म्हणजे मला फक्त एक सही करायची होती. राजम्माच्या दारात जाऊन मी तुम्हाला खोटं सांगितलं, असं म्हणायचं म्हणजे... ते मला जमणार नव्हतं. हे तेव्हा मला असं स्पष्ट कळत नव्हतं. अप्पांना कळत होतं.

"सही करू?" मी विचारलं.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"करा," ते म्हणाले.

मला ते कधीही अहो-जाहो करत नसत.

पुढे मी पुण्यात एका ग्रंथालयात नोकरीला लागले, लग्न झालं, तिथलीच झाले. राजीनाम्याची गोष्ट मात्र माझ्यासोबत राहिली, आणि मोठी होत गेली. ती मीच सांगितली. आधी नवऱ्याला, मग मैत्रिणींना, मग ग्रंथालयात व्याख्यान द्यायला आलेल्या शिक्षकांना. शंभर टक्के निकालासाठी मुलं काढायची म्हणून शैलानं तत्त्वासाठी नोकरी सोडली, मान्यता येण्याच्या तोंडावर. यातला प्रत्येक शब्द खरा होता. कट्ट्यावरची संध्याकाळ मी त्यात कधी घातली नाही.

अप्पा आमच्याकडे पुण्याला आले आणि कुणी त्यांच्यासमोर ही गोष्ट काढली, की ते उठून बाल्कनीत जायचे. तिथे कुंड्या होत्या. एकदा एक प्राध्यापक त्यांना म्हणाले, "तुमचेच संस्कार!" अप्पांनी त्या दिवशी तुळशीला इतकं पाणी घातलं की ते खालच्या मजल्यावर गळलं आणि खालच्या बाई भांडायला आल्या. त्यांनी मला कधी खोडून काढलं नाही. पण माझ्या गोष्टीला मानही कधी डोलावली नाही.

गेल्या नोव्हेंबरात ते गेले. सत्याऐंशीचे होते, झोपेत गेले. मी सोलापूरला पोचले तेव्हा आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना ओसरीवर बसवलं होतं, भस्म लावून, पाठीला उशा देऊन, आणि क्षणभर वाटलं की कुणाचा तरी फॉर्म भरायचा म्हणून बसलेत. पाचव्या दिवशी होटगीकर सर काठी टेकत भेटायला आले. जमलेल्या चार माणसांना म्हणाले, "यांच्या लेकीनं मला धडा शिकवला होता." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. बाल्कनी नव्हती, म्हणून कट्ट्यावर जाऊन बसले.

तिथं राजम्मा आधीच बसली होती. पार वाकलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी तिला ओळखलं. तिनंही मला.

"अप्पा गेले म्हणं, बाई."

"हो."

"देवमाणूस." तिनं पदर डोळ्यांना लावला, मग काढला. "आमच्या अंबिकाच्या वक्ताला आले होते ओ घरी. तुम्ही नोकरी सोडली ना, त्याच दिवशी. सकाळच्याला. दाखला परत देऊन टाका म्हणले, पोरीला शाळेतच ठेवा. दोन तास बसून होते. मीच ऐकलं नाही."

"का?" मी विचारलं.

"मी म्हटलं, अप्पा, तुम्ही क्लार्क. बाई शिकवत होत्या तिला. बाई स्वतः माझ्या तोंडावर करा म्हणल्या, त्यांना कळत नसेल का? मग काय बोलणार ते. बसले तसे उठले, गेले." तिनं उसासा टाकला. "तुम्हाला म्हणले असतील की."

"नाही," मी म्हटलं.

त्यानंतर ते पंचवीस वर्षं जगले. माझ्या गोष्टीतून उठून किती वेळा बाहेर गेले, ते मी मोजलेलं नाही.

"अंबिका कुठं असते?"

"भिवंडीला. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला. तिची मोठी पोरगी यंदा कॉलेजला गेली." राजम्माच्या आवाजात माझ्याविषयी कसलाही आकस नव्हता. मी तो शोधत होते. "सतरा नंबरचा फॉर्म भरलाच नाही तिनं. शिकवायला कोण होतं? तुम्ही तर पुण्याला गेला. पण पुस्तकं वाचती ओ अजून. कव्हर घालून."

आत होटगीकर सर अजून काहीतरी सांगत होते. राजम्मानं कमरेची पिशवी सोडली आणि चार पदरी घडी केलेला एक कागद काढला.

"आता तुमच्याच दारात ही वेळ बरी नव्हं, पण मुदत हाय. पेन्शनचा कागद. दर साली अप्पाच वाचायचे, भरायचे. वाचून दाखवता का? मग सही करते."

मी तो उलगडला. बँकेचा छापील फॉर्म होता, हयातीचा. अप्पांची चटई तिथेच गुंडाळून ठेवलेली होती. पेन कोनाड्यात.

"काय लिहिलंय?"

"तुम्ही जिवंत आहात, असं लिहायचंय."

"ते मला ठावं हाय की ओ," राजम्मा म्हणाली. "बाकीचं वाचा."

मी तारखेपासून सुरुवात केली. एकेक शब्द वाचला, बारीक अक्षरातलं खालचंसुद्धा. मध्ये दोनदा अडखळले, तेव्हा ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं. वाचून संपलं, तशी तिनं हात पुढे केला.

"चांगलं हाय ना? करू सही?"

पेन माझ्या हातात होतं. टोपण मी अजून काढलं नव्हतं.

"थांबा, राजम्मा," मी म्हटलं. "त्याआधी मला तुम्हाला एक सांगायचंय."